आगाप भेंडी आणि कापडाची ऊब



उन्हाळी भेंडीची लागवड १५ जानेवारीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत करावी, अशी महाराष्ट्रातील सर्वसाधारण शिफारस आहे. या तारखेला शास्त्रीय आधार आहे. भेंडी हे मुळात उष्ण प्रदेशातील पीक होय. जमिनीतील उष्णतामान १७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले म्हणजे तिचे बी उगवत नाही. २५ ते ३५ अंशांत मात्र ते पाच-सहा दिवसांत जमिनीवर येते. वाशिम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, पठारावर वसलेले आहे. जिल्ह्यातील हिवाळ्याच्या रात्री निरभ्र व थंड असतात, आणि थंडीची लाट आली म्हणजे किमान उष्णतामान १० अंशांच्याही खाली उतरते. अशा दिवसांत टाकलेले बी ओल्या काळ्या जमिनीत पंधरा-पंधरा दिवस पडून राहते. त्यातील काही कुजते आणि जे उगवते तेही पिवळे, खुरटे निघते. म्हणून शेतकरी थंडी ओसरण्याची वाट पाहतो, आणि ते योग्यच आहे.

परंतु या वाट पाहण्याची किंमत वाशिम जिल्ह्यात पुढे एप्रिल महिन्यात मोजावी लागते. फेब्रुवारीच्या आरंभी टोकलेल्या भेंडीचा पहिला तोडा मार्चच्या उत्तरार्धात येतो. तेथून सहा ते आठ आठवडे तोडे चालावयाचे, तर पीक मेच्या मध्यापर्यंत जगले पाहिजे. पण वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत विहिरीच्या भरवशावर ओलीत करणाऱ्याला ठाऊक आहे, की एप्रिल लागताच विहीर तळ दाखवू लागते. पीक ऐन भरात आणि पाणी संपलेले, अशी स्थिती येते. खत, बियाणे आणि मजुरीचा खर्च पूर्ण झालेला असतो. उत्पन्न मात्र अर्ध्यावरच थांबते.

म्हणजे या जिल्ह्यात उन्हाळी भेंडीचा हंगाम दोन भिंतींच्या मध्ये अडकलेला आहे. एका बाजूला थंडी आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची टंचाई. पाण्याची भिंत एकट्या शेतकऱ्याला हलविता येत नाही. थंडीची भिंत मात्र तीन-साडेतीन आठवडे मागे सारता येते, आणि त्यासाठी फार मोठ्या भांडवलाची गरज नाही. पातळ पांढरे कापड, काही कमानी आणि रोजची थोडी देखरेख एवढ्यावर हे काम होते.

आडोशाची जुनी विद्या

पिकाला थंडीपासून आडोसा देण्याची कल्पना नवी नाही. पानमळ्याला चहूबाजूंनी कूड घालणे, रोपवाटिकेवर कडब्याचे किंवा तुराट्यांचे छप्पर टाकणे, हे प्रकार ग्रामीण भागात पिढ्यान्पिढ्या चालत आले आहेत. उत्तरेकडे यमुनेच्या पात्रात काकडी-खरबुजाच्या ओळींना गवताच्या ताट्यांचा आडोसा देऊन हिवाळ्यातच लागवड करण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. पॅरिसच्या परिसरातील माळी एकोणिसाव्या शतकात रोपांवर काचेच्या घंटा उपड्या घालीत असत. पुढे प्लॅस्टिक आले. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातील प्राध्यापक एमर्ट यांनी १९४८ साली काचेऐवजी प्लॅस्टिकची फिल्म लावून हरितगृह उभे केले, आणि महागडी काच न वापरताही पिकाला ऊब देता येते हे दाखवून दिले.

त्यानंतर न विणलेले, तंतू एकमेकांत चिकटवून तयार केलेले पॉलिप्रॉपिलीनचे हलके कापड प्रचारात आले. महाराष्ट्रातील शेतकरी त्याला ‘क्रॉप कव्हर’ या नावानेच ओळखतात. कलिंगड आणि खरबूज यांच्या आगाप लागवडीत, तसेच पपईच्या कोवळ्या रोपांचे थंडीपासून संरक्षण करण्यासाठी, ते राज्यात वापरले जाते. कलिंगडासाठी आणलेले हेच कापड भेंडीच्याही उपयोगी पडते.

कापड ऊब देते ती कशी?

दिवसा सूर्यप्रकाश कापडातून आत जातो आणि जमीन तापते. रात्री निरभ्र आकाशाखाली ही उष्णता झपाट्याने निघून जाते आणि वाऱ्याची झुळूक उरलीसुरली ऊब घेऊन जाते. कापडामुळे वारा अडतो व आतील हवा तेथेच राहते. त्यामुळे पहाटेच्या वेळी आतील उष्णतामान बाहेरच्यापेक्षा साधारणतः एक ते तीन अंशांनी अधिक राहते.

एक ते तीन अंश ऐकताना किरकोळ वाटतात. परंतु बाहेर बी उगवण्याच्या सीमारेषेवर जमीन असेल, तर तेवढ्या फरकाने बी या किंवा त्या बाजूला पडते. शिवाय दुपारी आतील जमीन अधिक तापते आणि ती ऊब रात्रीपर्यंत पुरते. याउलट, कडाक्याच्या थंडीत हे कापड पीक वाचवीलच, असे मानणे चूक होय. डिसेंबरअखेर आणि जानेवारी या सौम्य थंडीच्या काठावर ते उपयोगी पडते. कापड हिवाळा हटवीत नाही. ते फक्त काही दिवस मिळवून देते.

पारदर्शक पॉलिथिनचा बोगदाही करता येतो आणि तो दिवसा अधिक तापतो. परंतु वाशिममध्ये जानेवारीतही दुपारचे ऊन चांगलेच असते. बंद पॉलिथिनमध्ये रोपे दोन तासांत होरपळू शकतात. कापडातून हवा आणि पाणी जाऊ शकते, म्हणून नवशिक्या शेतकऱ्यास ते अधिक सुरक्षित आहे.

दहा गुंठ्यांचा हिशेब

पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांपेक्षा अधिक क्षेत्र घेऊ नये. दहा गुंठे म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर. दीड मीटर अंतरावर गादीवाफे काढल्यास सुमारे ६७० मीटर लांबीचे वाफे होतात. वाफ्याचा माथा ८० सेंटिमीटर रुंद आणि उंची १५ सेंटिमीटर ठेवावी. त्यावर ४५ सेंटिमीटर अंतराने दोन ओळी आणि ओळीत २० सेंटिमीटरवर एक झाड, असे धरल्यास दहा गुंठ्यांत सुमारे ६,७०० झाडे बसतात. प्रत्येक ठिकाणी दोन बिया टोकल्यास बियाणे पाऊण ते एक किलो लागते.

कमानीसाठी बांबूच्या कामट्या किंवा तार वापरावी. प्रत्येक कमान सुमारे १७० सेंटिमीटर लांबीची घेऊन तिची दोन्ही टोके जमिनीत रोवली, म्हणजे मध्यभागी ४५ सेंटिमीटर उंची मिळते. दोन मीटरवर एक कमान धरल्यास सुमारे ३४० कमानी लागतील. कापड १.६ मीटर रुंदीचे व १७ ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचे घ्यावे. म्हणजे दोन्ही कडा मातीत दाबण्यासाठी पंधरा-पंधरा सेंटिमीटर शिल्लक राहतात. एकूण कापड सुमारे १,०७० चौरस मीटर, वजनाने जेमतेम १८ किलो भरते. बांबूच्या कामट्या घरच्या बांधावरील असतील, तर रोख खर्च मुख्यतः कापडाचाच. ते जपून वापरल्यास पुढील हंगामातही उपयोगी पडते, म्हणून खर्चाचा हिशेब एका वर्षावर न धरता दोन हंगामांवर धरणे योग्य ठरेल.

दहा गुंठ्यांसाठी सुमारे दोन टन चांगले कुजलेले शेणखत वाफ्यात मिसळावे. भेंडीस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश या प्रमाणात खत देतात. त्याप्रमाणे दहा गुंठ्यांना सुमारे २२ किलो युरिया, ३१ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ८ किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागते. सुपर फॉस्फेट व पोटॅश लागवडीच्या वेळी सर्व द्यावे. युरिया निम्मा त्या वेळी आणि निम्मा महिन्याने, कापड काढण्याच्या सुमारास द्यावा. जमिनीचे परीक्षण झाले असल्यास अर्थातच त्या अहवालाप्रमाणे हे प्रमाण कमी-अधिक करावे.

लागवडीचे दिवस

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ या पद्धतीस अनुकूल आहे. वाफे तयार करून, ओलवून, त्यांवर कापड तीन-चार दिवस आधीच पसरून ठेवावे, म्हणजे बी पडण्यापूर्वीच जमीन कोमट होते. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून उबदार जागी ठेवावे. मोड दिसू लागताच ट्रायकोडर्मा लावून टोकावे. बी दोन सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये.

पाण्याच्या बाबतीत संयम अगत्याचा आहे. काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि चिखल झालेली जमीन लवकर तापत नाही. उगवण होईपर्यंत ठिबकने अगदी थोडे पाणी द्यावे, तेही सकाळी ऊन वर आल्यावर. उगवण पूर्ण झाल्यानंतर थंडीची लाट येणार असे हवामान खात्याकडून कळल्यास मात्र सायंकाळी हलके ओलीत करावे. हिवाळ्यात विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, आणि ओलसर जमीन कोरड्या जमिनीपेक्षा उष्णता अधिक साठवते.

कापड काढण्याची वेळ

या पद्धतीत नुकसान होते ते बहुधा कापड घालण्यातील चुकीमुळे नव्हे, तर काढण्यातील आळसामुळे. रोपे चार पानांची झाल्यावर दुपारी आत हात घालून पाहावे. शक्य असल्यास साधा उष्णतामापक आत टांगावा. पारा ३५ अंशांच्या वर जाऊ लागला, की सकाळी दहाच्या सुमारास वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची कड उचलून ठेवावी आणि चारच्या सुमारास पुन्हा दाबावी. हे काम घरातील एका व्यक्तीकडे नेमून द्यावे. ज्या घरात सर्वजण दिवसभर बाहेर असतात, त्यांनी हा प्रयोग हाती न घेणेच बरे.

फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात झाडांवर कळ्या दिसू लागतात आणि शेंडे कापडाला टेकतात. तेव्हा कापड पूर्णपणे काढावे. मात्र ते एकदम भर दुपारी न काढता, दोन-तीन दिवस सायंकाळी उघडे ठेवून झाडांना बाहेरच्या हवेची सवय करावी आणि मग उचलावे. भेंडीचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी कोमेजते. ते स्वतःच्याच परागाने फळ धरू शकते, म्हणून कलिंगडाप्रमाणे मधमाश्यांसाठी घाई करण्याचे कारण नाही. घाई करावयाची ती उन्हासाठी. फूल व कोवळे फळ कापडाखालच्या उष्ण, दमट हवेत गळते.

पिवळ्या शिरांचा रोग

कापडाचा दुसरा लाभ पहिल्याइतकाच मोलाचा आहे. भेंडीचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणुजन्य रोग. तत्कालीन मुंबई इलाख्यात या रोगाची नोंद १९२४ साली झाली. पांढरी माशी हा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. एकदा लागण झाली की त्यावर औषध नाही. पहिल्या महिन्यात लागण झालेल्या झाडाचे उत्पन्न बहुतांशी बुडते; लागण जितकी उशिरा होईल तितके नुकसान कमी.

या रोगाशी झालेल्या झुंजीत मराठवाड्याचा वाटा मोठा आहे. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेची ‘पुसा सावनी’ ही जात या रोगास बळी पडू लागली होती. तेव्हा परभणीच्या कृषि विद्यापीठात डॉ. जांभळे व डॉ. नेरकर यांनी तिचा एका जंगली भेंडीशी संकर केला, आणि पुढे निवड करून १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ ही जात दिली. बंगलोरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का अनामिका’ हीदेखील जंगली जातीशी केलेल्या संकरातूनच निर्माण झाली. परंतु विषाणू बदलत राहतो, आणि या जातींची प्रतिकारशक्ती कालांतराने बऱ्याच ठिकाणी क्षीण झाली. म्हणून केवळ जातीवर विसंबून राहणे हितावह नाही.

कापडाच्या कडा मातीत नीट दाबलेल्या असतील, तर ज्या पहिल्या महिन्यात रोग सर्वाधिक घातक असतो, नेमक्या त्याच काळात पांढऱ्या माशीला झाडापर्यंत पोहोचता येत नाही. एक मात्र ध्यानात ठेवावे. भेंडी आणि कपाशी एकाच कुळातील आहेत. पांढरी माशी, तुडतुडे, मावा आणि ठिपक्यांची बोंडअळी हे दोहोंचे सामाईक शत्रू होत. शेजारच्या वावरात डिसेंबरअखेरही पऱ्हाटी उभी असेल, तर ती या किडींचे माहेरघर ठरते. यास्तव भेंडीची जागा कपाशीपासून दूर निवडावी आणि स्वतःच्या शेतातील पऱ्हाटी वेळेवर काढावी. कापड काढताच पिवळे चिकट सापळे लावावे, पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा आणि शिरा पिवळ्या पडलेले झाड दिसताक्षणी उपटून गाडावे.

भेंडीचा तोडा दिवसाआड असतो. आज फवारलेले तीव्र कीटकनाशक परवा कोणाच्या तरी ताटात जाण्याचा धोका असतो. पहिल्या महिन्यातील फवारण्या कापडामुळे टळल्या, तर तो खाणाऱ्याचा आणि फवारणाऱ्याचाही लाभ होय.

तोडा, मजुरी आणि बाजार

या वेळापत्रकाने पहिला तोडा साधारणतः फेब्रुवारीच्या अखेरीस येतो. त्या वेळी गुजरीत कोबी, फुलकोबी, वांगी, टोमॅटो यांची रेलचेल असते; भेंडी आणि गवार मात्र तुरळक असते. मार्च उलटल्यावर सर्वांचीच भेंडी येते आणि भाव उतरतो. आगाप भेंडीस मिळणारा अधिक भाव हा एवढ्या महिनाभराचा मामला आहे. आणि जेव्हा विहिरीचे पाणी आटू लागते, तेव्हा या पिकाचे बहुतेक तोडे पदरात पडलेले असतात.

फूल उमलल्यापासून पाच ते सात दिवसांत फळ तोडले पाहिजे. एक तोडा चुकला तर भेंडी जून होते आणि झाडाची पुढील फळधारणाही मंदावते. तोडणी पहाटे करावी. फळावरील लव बोटांना टोचते, खाज सुटते. म्हणून तोडणाऱ्या महिलांना हातमोजे द्यावेत. हा खर्च क्षुल्लक आहे आणि कामही जलद होते. तूर आणि हरभरा निघाल्यानंतर गावात मजुरीचे काम कमी होते आणि अनेक कुटुंबांवर कामासाठी गाव सोडण्याची पाळी येते. अशा महिन्यांत दिवसाआड हक्काचे काम देणारे दहा-दहा गुंठ्यांचे मळे गावात असतील, तर त्याचा लाभ एका घरापुरता राहत नाही.

बाजाराचा विचार लागवडीपूर्वीच करावा. वाशिम, रिसोड, कारंजा येथील बाजार जवळचे आहेत. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतील शेतकऱ्यांना नागपूरची बाजारपेठही जवळ आली आहे. परंतु एकाच गावातील सर्वांनी एकाच दिवशी लागवड केली, तर आगापपणाचा लाभ सर्वांचाच जातो. पाच-सहा शेतकऱ्यांनी एकत्र बसून आठ-आठ दिवसांच्या अंतराने लागवड करावी आणि माल एकाच वाहनातून न्यावा. भावात आणि भाड्यात, दोहोंत बचत होते.

सावधगिरीचे दोन शब्द

विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, त्यांत वाशिमचा समावेश होता. सोयाबीन, कपाशी आणि तूर यांच्या एका हंगामावर वर्षभराचा संसार उभा करणे किती जोखमीचे आहे, याचा अनुभव या जिल्ह्याने घेतला आहे. म्हणूनच कोणत्याही नव्या पद्धतीचे गुणगान करताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कर्ज काढून एकदम दोन एकरांवर कापड घालणे हे धाडस आहे, शहाणपण नव्हे. पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांपैकी दोन वाफे कापडाविना ठेवावेत, दोन्हींचे तोडे वजन करून वहीत लिहावेत आणि त्या आकड्यांवरून पुढील वर्षाचा निर्णय घ्यावा. शेजाऱ्याच्या सांगण्यापेक्षा स्वतःच्या वहीतील आकडा अधिक खरा असतो.

कापड काढल्यावर ते झटकून, वाळवून, गुंडाळून उंदरांपासून दूर ठेवावे. फाटलेले तुकडे शेतात जाळू नयेत वा नांगराखाली गाडू नयेत. ते गोळा करून द्यावेत. प्लॅस्टिकचे तंतू जमिनीत कुजत नाहीत.

फलोत्पादन विकासाच्या योजनांतून संरक्षित शेतीच्या साधनांसाठी अनुदानाची तरतूद असते. तिचे त्या वर्षीचे नियम व दर तालुका कृषि अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, खरेदीपूर्वी, विचारून घ्यावेत. खरेदीनंतर केलेली चौकशी बहुधा व्यर्थ ठरते. तांत्रिक मार्गदर्शनासाठी रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषि विज्ञान केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ जवळ आहेत.

वाशिमच्या शेतकऱ्यास पाणी मोजूनमापून मिळते. जे पाणी जानेवारी-फेब्रुवारीत विहिरीत असते, त्याचा पुरता उपयोग करून घेण्यासाठी पीकही त्याच वेळी वावरात उभे असले पाहिजे. अठरा किलो कापड त्यासाठी तीन आठवडे मिळवून देते. ते तीन आठवडे नीट वापरले, तर एप्रिलमध्ये विहीर आटताना पाहूनही शेतकऱ्याच्या मनाला घोर लागणार नाही; त्याची भेंडी तोवर बाजारात पोहोचलेली असेल.